फळ्याचा उजवा कोपरा

मी एक जुना फळा आहे. शाळेने मला मोडीत काढलं, तेव्हा एलिसेओ मास्तरांनी मला उचलून सोईलाबाईंच्या पावाच्या दुकानात टांगलं. आमच्या डोंगरातल्या गावात परिषदेची निवडणूक आली की मास्तर प्रत्येक उमेदवाराची सभा ऐकत. कोण लोकांना कसला रोजगार देणार, ते माझ्यावर शेजारी शेजारी लिहीत. पाव घेता घेता गाव वाचत असे.

"मास्तरांचा फळा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" असं सोईलाबाई म्हणाल्या की मी फुलून जाई. आता त्याची लाज वाटते.

मित्रांनो, माझा उजवा कोपरा भट्टीकडे आहे. पावाचे पत्रे टेकवून टेकवून तिथे चरबी मुरली होती. तिथे खडू धरत नव्हता आणि हे मला ठाऊक होतं.

त्या वर्षी मास्तरांनी डावीकडे लिहिलं, 'तार्हेलिया यानेस : दूध केंद्रात पंचवीस जणांना पगारी नोकरी.' उजवीकडे लिहिलं, 'आमाब्ले किश्पे : रस्त्यावर दोनशे जणांना काम, मिंगा.' मिंगा म्हणजे सगळ्या गावाने मिळून गावासाठी करायचं काम. दुपारी जेवण मिळतं, मजुरी मिळत नाही. आमाब्लेने सभेत हे स्पष्ट सांगितलं होतं. पण त्याच वेळी फुटबॉलचा सामना होता, त्यामुळे ऐकायला मास्तर आणि चार म्हातारे एवढेच होते.

एरवी खडू जरा तिरका लागला तरी मी किंचाळतो. त्या दिवशी 'मिंगा' हा शेवटचा शब्द चरबीवरून अलगद घसरला आणि मी चूं केलं नाही. मास्तरांची नजर अधू. गावाने वाचलं, दोनशे जणांना काम.

"पंचवीस कुठं आणि दोनशे कुठं!" पाव पिशवीत टाकत देल्फिना म्हणाली. तिचा नवरा मेल्चोर दूरच्या गुलाबाच्या मळ्यात कामाला होता, महिन्यातून एकदा घरी येई. तिने माझ्यासमोरच त्याला फोन लावला. "सोड ते गुलाब आणि ये घरी. धाकटी तुला पाहुणा समजते रे!"

आमाब्ले निवडून आला. मेल्चोर नोकरी सोडून आला आणि पहिल्याच सोमवारी फावडं घेऊन रस्त्यावर गेला. संध्याकाळी देल्फिना दुकानात आली.

"मास्तर, मजुरी कधी मिळणार?"

"मिंगाची कसली मजुरी, पोरी? लिहिलंय की मी!"

तिने बाहीने माझा कोपरा खसखसून पुसला. बाहीला चरबी लागली. मास्तर वाकून माझ्या कोपऱ्यात आपला शेवटचा शब्द शोधू लागले.

मळ्यातली जागा तोवर भरली होती. मेल्चोर आता किनाऱ्यावर केळीच्या बागेत असतो, पहिल्यापेक्षाही लांब. रस्ता चांगला झाला. त्याच रस्त्याने तो गेला.

सगळे मास्तरांना बोल लावतात. मला कुणी एक शब्द बोलत नाही, याचंच मला जास्त लागतं.

मित्रांनो, फळा पुसताना कोपरे आधी पुसा. आणि माझ्यासारख्यावर मोठा आकडा दिसला, तर तो कशाचा आहे हे विचारल्याशिवाय घरी फोन लावू नका.

परवा पुन्हा निवडणूक लागली. मास्तरांनी खडू उचलला, तेवढ्यात देल्फिना पुढे झाली.

"थांबा मास्तर. शेवटचा शब्द आधी लिहा."