एका नंबरचे टायर

धर्मराजनं स्वतःच जाहीर केलं की आपल्या लग्नात नवरदेवाची गाडी रेणूची राहणार, तेव्हा हसनाबादेत बरीच कुजबुज झाली. रेणूचा बाप इंद्रभान अजूनही मेंढरांमागं रानात असायचा. पोरीनं मात्र काठीऐवजी स्टिअरिंग धरलं होतं. भोकरदनच्या शाळांमधल्या बाई-मास्तरांची ने-आण करता करता तिचा हात चांगला बसला होता. तरी नवरदेव म्हणजे जोखीम. म्हणून तिनं आदल्या दिवशी जालन्याला जाऊन पुढचे दोन्ही टायर नवे टाकून आणले, गाडी लख्ख धुतली, झेंडूच्या माळा बांधल्या.

सकाळी वऱ्हाड अंकुशनगरला निघालं. रेणूच्या शेजारी नवरदेवाचा मामा बिभीषण, मागं धर्मराज आणि त्याची आत्या आशाबाई, डिक्कीत बॅगा ठासून भरलेल्या. मारुतीपुढं नारळ फुटला, रेणूनं गाडी वळवली आणि खालून आवाज आला, "खर्रर्र!"

"काय गं हे?" आशाबाई दचकल्या.

"काही न्हाई आत्या. खडा अडकला असंल."

पण खडा कसला! सरळ रस्त्यावर गाडी अगदी गुणी लेकरासारखी चालायची, आणि स्टिअरिंग पुरतं फिरवलं की पुन्हा खर्रर्र. आशाबाईंनी पदर सावरला. "निघतानाच गाडी रडून राह्यली. शकुन काही बराबर न्हाई, बाई."

"शकुनाचं काय घेऊन बसलीस!" बिभीषण म्हणाला. "पोरीला वळवता येत न्हाई नीट. आण इकडं, मी दाखवतो."

रेणूच्या ओठावर उत्तर आलं होतं, पण नवरदेवाच्या मामाशी लग्नाच्या दिवशी कोण वाद घालणार? वाटेतल्या पंपावर पेट्रोल भरून झाल्यावर तिनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. बिभीषणमामांनी मिशीवर हात फिरवला, ऐटीत गाडी वळवली आणि पंपावरची सगळी माणसं मान वळवून बघू लागली, इतका लांबलचक आवाज निघाला. मुंडावळ्यांआड धर्मराजचे खांदे हसून हलत होते. मामा उतरले आणि पुन्हा डाव्या बाजूला येऊन बसले.

रेणूनं मात्र खाली वाकून बघितलं. नव्या टायरच्या कडेला घासल्याचा चकचकीत पट्टा उमटला होता आणि चाकाच्या वरचं प्लॅस्टिक सोलवटलं होतं.

"टायर आत घासून राह्यलाय," ती म्हणाली. "जालन्यात कालच्या दुकानावर थांबावं लागंल."

"अन् मुहूर्त?"

"मामा, वाटंत टायर फाटला तर मुहूर्त रस्त्यावरच साधावा लागंल."

"थांबू आपण, रेणूताई," धर्मराज म्हणाला, आणि विषय संपला.

टायरवाल्या आदिनाथशेठच्या दुकानात बसायला खुर्ची एकच. ती आशाबाईंना मिळाली. नवरदेव टायरच्या चळतीवर बसला, बाशिंगासकट. येणारे-जाणारे थांबून फोटो काढू लागले.

"नंबर बघ ना!" आदिनाथशेठ टायरवर बोट आपटत म्हणाला. "एकशे पासष्ट, ऐंशी, चौदा. जुन्यावर हाच नंबर होता. तुझी गाडी कुठं धडकली असंल."

रेणूनं डिक्कीतल्या बॅगा भराभरा फुटपाथवर काढल्या आणि स्टेपनी बाहेर ओढली. गाडीसोबत आलेली, एकदाही न चाललेली. शेठनं घासलेलं चाक खोललं, तेव्हा तिनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. नंबर सारखाच होता. पण नवा टायर जरा आडमाप दिसत होता.

"आत्या, तुमच्याकडं टेप हाय का?"

आशाबाई ब्लाऊज शिवायच्या. टेप त्यांच्या पिशवीत नसेल असं कधी झालं नव्हतं. मघाचा शकुन विसरून त्या खुर्चीवरून उठल्या आणि टायरला टेप गुंडाळला, अपुरा पडला तिथं खूण करून पुढचं मोजलं. मग स्टेपनीला. "घेर दोन बोटं जास्त हाय," त्या म्हणाल्या. "रुंदीपण जास्त."

आदिनाथशेठनं स्वतः मोजून बघितलं, डोकं खाजवलं आणि हसला.

"नंबर खोटा न्हाई, ताई. रिमवर बसतो ते आतलं माप बिलकुल एकच लागतं, न्हाईतर टायर बसणारच न्हाई. पण रुंदी अन् उंची थोडी कमीजास्त चालती, नियमातच तेवढी सूट हाय. हरेक कंपनीचा साचा अलग. कोणाचा खांदा, म्हंजे ही कडेची बाजू, गोल, कोणाचा चौकोनी. हा चौकोनी खांद्याचा निघाला. काल गाडी रिकामी होती म्हणून कळलं न्हाई. आज भरली, दबली, अन् लागला घासायला."

"म्हंजे छत्तीस नंबरच्या ब्लाऊजसारखं!" आशाबाई म्हणाल्या. "एका शिंप्याचा अंगात शिरत न्हाई, दुसऱ्याचा खांद्यावरून उतरतो."

"बराबर तेच."

"मंग काल सांगायचं ना, शेठ," रेणू म्हणाली.

"काल नंबर बघितला अन् टायर चढवून दिला. चूक झाली." शेठनं फळीवरून दुसऱ्या कंपनीचा टायर काढला. नंबर तोच, खांदा गोल.

"दोन्ही बाजूंना सारखेच टाका," रेणूनं बजावलं. "एक लहान, एक मोठा असला तर गाडी एकीकडं ओढती."

टायर बसले, बॅगा भरल्या, सगळे आत बसले. रेणूनं दुकानासमोर स्टिअरिंग आधी डावीकडं पुरतं फिरवलं, मग उजवीकडं. खालून काहीच आवाज आला नाही.

"चाल आता," बिभीषणमामा हळूच म्हणाले, "जल्दी चाल, बाई."

अंबडच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. कारखान्याकडं वळताना समोरून डबल ट्रॉली आली, तेव्हा रेणूनं गाडी मागं घेतली, अंग चोरून एका बाजूला लावली आणि जागच्या जागी वळवून मोकळ्या वाटेला काढली. मामा खिडकीबाहेर बघत राहिले. मांडवाशी बँडवाले वाजवून दमले होते, पण मुहूर्त अजून टळला नव्हता.

संध्याकाळी पाठवणीला नवरी आकांक्षा रडत रडत गाडीपाशी आली. मागं धर्मराजशेजारी जागा ठेवली होती. तिनं डोळे पुसले, गाडीत बसलेल्या रेणूकडं एकटक बघितलं.

"ही गाडी ताईच चालवतात?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"हो."

"मंग मी पुढं बसू का? मला बघायचंय."

आशाबाईंनी तोंडाला पदर लावला. पुढं बसलेले बिभीषणमामा चटकन खाली उतरले आणि त्यांनी नव्या सुनेसाठी दार धरलं.

"पट्टा लाव गं," रेणू तिला म्हणाली आणि किल्ली फिरवली.