फोटोशेजारची चौकट

धाकटी बहीण लेख पाठवते तो एका दमात लिहिलेला. शीर्षक ठळक, पहिली ओळ ठळक आणि बटण बंद करायचं राहिलं म्हणून पुढचं सगळंच ठळक. अर्धा मजकूर फोनवरून चिकटवलेला, त्यामुळे अक्षरं तीन आकारांची. मग मी तिच्या ब्लॉगचा एडिटर उघडते. आधी सगळं फॉरमॅटिंग पुसते, परिच्छेद तोडते, उपशीर्षकं घालते, फोटो जागेवर बसवते, पान फोनवर कसं दिसतं ते बघते. दीड तास जातो. लेख प्रसिद्ध झाला की खाली पहिली प्रतिक्रिया येते, ‘किती सुटसुटीत लिहिता हो तुम्ही.’

माझ्या पोटात दुखतं. उगाच खोटं कशाला बोला.

लेख सगळे आमच्या लहानपणावर. आई घरी शिलाईकाम करायची, त्यावर आम्ही दोघी वाढलो. धाकटीला त्यातलं गोड तेवढं आठवतं आणि प्रत्येक गोड आठवणीत ती आईच्या मांडीवर बसलेली असते. गेल्या वर्षी आईची नजर गेली. ती माझ्याकडे राहते, डोळ्यांत थेंब मी घालते. धाकटी दर रविवारी फोन करून तिला लेख वाचून दाखवते, आणि आई आठवडाभर मला ऐकवते, ‘काय लिहिते गं पोर.’

एडिटरमध्ये फोटो टाकला की शेजारी एक चौकट उघडते. ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठी त्यात दोन ओळींचं वर्णन लिहायचं असतं. पानावर ते कुठेच उमटत नाही. मी नेहमी ‘शिलाई मशीन’, ‘जुनी खिडकी’ असं काहीतरी लिहून मोकळी व्हायचे.

मग एका लेखात तिने लिहिलं, ‘आईच्या मशीनच्या आवाजावर मला झोप लागायची.’ लागणारच. जागं राहून काजं करायला मी होते ना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मशीनच्या फोटोशेजारी मी लिहिलं, ‘पायाने चालवायचं मशीन. धाकटी त्याखाली झोपायची. थोरली शाळेतून आली की शर्टांना काजं करायची. तिचं बोट सुईने सोललेलं असायचं. तिला कोणी काही विचारलं नाही.’

‘प्रसिद्ध करा’ हे बटण दाबलं. कोणाला पत्ता नाही. मला इतकं बरं वाटलं की पुढच्या पाच लेखांतल्या चौकटी मी अशाच भरल्या.

परवा कामावरून आले तर आई फोन कानाशी धरून बसलेली. आतली बाई सपाट आवाजात वाचत होती, ‘चित्र. पायाने चालवायचं मशीन. धाकटी त्याखाली झोपायची.’ मी चप्पल न काढता दारातच उभी राहिले.

“शेजारच्या वहिनींनी फोन बोलता करून दिला,” आई म्हणाली. “आता रविवारची वाट बघायला नको. आणि हे फोटोंचं तर धाकटी मला कधी वाचूनच दाखवायची नाही.”

“कसलं फोटोंचं?”

“तुझंच आहे की सगळं. तुझी काजं, तुझं बोट. मला कधी विचारायचं सुचलं नाही गं. पण तिने बघ कसं लक्षात ठेवलंय. वाचायला लाजत असेल, म्हणून गाळायची. बहिणीबद्दल असं लिहायला मन मोठं लागतं.”

मी लिहिलंय ते, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मग पुढे काय सांगणार? बहिणीच्या पानात शिरून, चोरून, स्वतःचं कौतुक आणि तिची उणीदुणी लिहीत बसले म्हणून? हात दाखवून अवलक्षण. आईने चाचपडत माझा हात धरला आणि बोट शोधून त्यावरून अंगठा फिरवत राहिली. एवढ्यासाठीच मी आयुष्यभर जळत होते. ते मिळालं आणि तेही धाकटीच्या नावावर.

“तू पण लिही की कधी तिच्याबद्दल चार चांगले शब्द,” आई म्हणाली. “तासन् तास बसतेस त्या कॉम्प्युटरपुढे.”

“मला कुठे लिहिता येतं,” मी म्हणाले.