छतातल्या तुळया

मोजमाप झाल्याशिवाय सरकारी कामात काही झाकायचं नाही, हे कंत्राटदार पहिल्याच कामात शिकतो आणि पुढे जन्मभर विसरतो. आमचाही विसरला.

नोंदणी कार्यालयाच्या जुन्या छताला नुसता गिलावा करून रंग द्यायचा होता. जुना गिलावा पाडला, तर आतल्या लाकडी तुळया वाळवीने पार पोखरलेल्या. तेव्हाचे अभियंता साहेब मान वर करून म्हणाले, "लोखंडी टाका, कागदाचं मी बघतो." टाकल्या. म्हणजे कंत्राटदाराच्या हाताखाली काम बघणाऱ्या मेहुण्याने टाकल्या. कंत्राटदार स्वतः त्या आठवड्यात दुसऱ्या कामावर अडकला होता. कार्यालय उघडायची सगळ्यांनाच घाई, त्यामुळे मोजणीची वाट न बघता खालून जाळी मारून गिलावा चढवला. मग साहेबांची बदली झाली आणि कागदाचं बघायला कोणी उरलं नाही.

नव्या अभियंता बाईंनी बिलातल्या नेमक्या त्या कामावर बोट ठेवलं. लेखी आदेश नाही, मोजमाप नाही, पैसे नाहीत. वाद खात्याच्या समितीकडे गेला, तारखांवर तारखा पडल्या. शेवटी समितीने ठरवलं, बाई दाखवतील तिथे छत फोडायचं. तुळया सापडल्या तर पूर्ण बिल, नाहीतर कंत्राटदार काळ्या यादीत.

खरं तर त्याने सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या तुळया त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याच नव्हत्या. लोखंडाची पावती होती, पण लोखंड विकताही येतं. आणि त्याच महिन्यात मेहुण्याच्या दारात नवी मोटरसायकल उभी राहिली होती.

मनात शंकेची पाल चुकचुकली ती थांबेना. विचारायला जीभ रेटेना. विचारलं आणि मेहुणा भडकला, तर बायको घर डोक्यावर घेणार. विचारलं आणि तो गप्प राहिला, तर मग संपलंच. म्हणून या शहाण्याने कोणालाच काही विचारलं नाही. ताटावर बसायचा आणि दोन घास खाऊन उठायचा. बायकोला वाटलं, पित्त झालंय.

छत फोडायच्या दिवशी दालन रिकामं केलं होतं. मेहुणा स्वतःच छिन्नी-हातोडा घेऊन परांचीवर चढला. बाईंनी काठीने जागा दाखवली.

कंत्राटदार घाईघाईने त्यांच्याजवळ गेला. "मॅडम, कशाला उगाच तोडफोड? निम्म्यावर मिटवून टाकू. माझी तक्रार नाही."

"निम्म्यावर?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का? आत निम्म्याच आहेत का?"

रिकाम्या दालनात आवाज घुमला. वर मेहुण्याचा हातोडा थांबला होता. तो खाली कंत्राटदाराकडे बघत होता.

"फोडा," बाई म्हणाल्या.

पहिला घाव बसला तसा कंत्राटदार नकळत मागे सरकत भिंतीला टेकला. गिलाव्याचे पोपडे पडले, धूळ खाली बसली आणि वर तांबड्या रंगाचं लोखंड दिसलं. बाईंनी दुसरी जागा दाखवली. तिथेही लोखंड. मग मुद्दाम पार कोपऱ्यातली. तिथेही होतंच, सांधे नीट जोडलेले, रंगाचे दोन हात दिलेले.

"काम चोख आहे," बाई म्हणाल्या. "पूर्ण बिल मंजूर करते. पण मग तुम्ही निम्म्यावर कसे तयार झालात?"

मेहुणा खाली उतरला, केसांतली धूळ झटकली.

"त्यांना माहीत नव्हतं, मॅडम," तो म्हणाला. मग कंत्राटदाराकडे वळून हळूच म्हणाला, "दाजी, मला एकदा विचारायचं होतंत."

आणि फोडलेलं छत बुजवायला तो बाहेर गिलाव्याचा माल कालवायला गेला. कंत्राटदारही त्याच्या मागोमाग गेला आणि बादली उचलून त्याने एवढंच विचारलं, "पाणी किती घालू?"