फुमिए म्हणजे अकरा

तोकुमारू सेईजी हा माणूस तसा भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हे. बत्तीस वर्षं गावकचेरीत पुलांची देखभाल केलेली, आणि नदीवरचा झुलता पूल तर त्याचा जीव की प्राण. पुलाच्या मुख्य तारदोरावर त्यानेच एक बारीक पट्टी चिकटवली होती. पुलावर भार आला की दोर ताणला जायचा, कणभर लांबायचा आणि कचेरीतल्या पडद्यावर आकडा चढायचा. भार उतरला की दोर मूळ लांबीवर, आकडा शून्यावर.

"दोर लांबला म्हणून घाबरायचं नाही," तो नवख्यांना बजावायचा. "ताण गेल्यावर परत येतो ना, एवढं बघायचं. ज्या दिवशी आकडा शून्यावर यायचा नाही, त्या दिवशी दोराने हद्द ओलांडली समजा. पूल बंद. मला विचारायलासुद्धा थांबू नका."

पट्टी बसवली तेव्हा त्याने गावातली माणसं एकेक करून पुलाच्या मध्यावर उभी केली होती. साकेची दारू विकणारा कुबोझोनो एकोणीस भरला. सेईजीची बायको फुमिए अकरा.

"बायकोचं वजन सरकारी वहीत लिहिता? लाज नाही वाटत?" ती पुलावरूनच म्हणाली होती.

रोज सव्वातीनला ती पलीकडच्या चहाच्या मळ्यातून परतायची. पडद्यावर अकरा उमटले की सेईजी कचेरीतच आधण ठेवायचा. दोन वर्षांपूर्वी ती गेली, आणि सव्वातीनला शून्य बघायची त्याने कशीबशी सवय करून घेतली.

यंदा जुलै संपता संपता एके दिवशी सव्वातीनला आकडा चढला. अकरा. सेईजीने खिडकीतून पाहिलं. पुलावर चिटपाखरू नव्हतं. ऊन असेल, तो मनाशी म्हणाला. पण उन्हाने आकडा तीनच्या वर कधी जात नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? जरा वेळाने आकडा शून्यावर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्याने आधण ठेवलं.

ऑगस्टच्या चार तारखेला आकडा उतरला, पण दोनावर थांबला. मग तीन, मग पाच. आता सांगा, जन्मभर लोकांना शिकवलेला हा माणूस, त्याने काय करायला हवं होतं? त्याने पडदा भिंतीकडे वळवला, इतर कोणाला दिसू नये म्हणून. ओबोन जवळ आला होता, गेलेली माणसं घरी येतात ते दिवस. फुमिए लवकर आली होती आणि आता राहायला लागली होती, एवढंच त्याला कळत होतं. आणि तो सुखात होता, अगदी लाज वाटावी इतका.

तेरा तारखेला दुपारपासून आकडा अकरावर ठाम होता. बाहेर पुलापाशी चाळीसेक माणसं हातात कंदील घेऊन जमलेली. थडगी सगळी पलीकडच्या तीरावर, आणि पितरांना आणायला जायचं ते पुलावरूनच. ओसाकाहून आलेली त्याची मुलगी मिसाओ त्याला बोलवायला कचेरीत आली.

"चला ना बाबा. आईला आणायचंय."

"तिकडे कशाला? ती आलीये," सेईजी म्हणाला, आणि त्याने पडदा तिच्याकडे फिरवला. "बघ. दुपारपासून हलली नाही."

मिसाओ लहानपणापासून हे आकडे ऐकत आलेली. तिने बापाकडे पाहिलं, रिकाम्या पुलाकडे पाहिलं. तेवढ्यात आकड्याचे बारा झाले. मग चौदा.

"आईचं वजन वाढलं का, बाबा?" तिने हळूच विचारलं.

सेईजी अनवाणीच धावत सुटला. कुबोझोनोचा पाय पहिल्या फळीवर पडायच्या आत तो हात पसरून आडवा उभा राहिला.

"पूल बंद आहे."

"अहो तोकुमारू-सान, पलीकडे माझी आई वाट बघतेय. आजच्या दिवशी असं करतात का?"

"दोर तुटतोय," सेईजी म्हणाला. मग मिसाओकडे न बघता, "तिथे कोणी नाहीये. दोरच तुटतोय."

म्हातारे कुरकुरत घरी गेले. काहींनी नदीकाठीच कंदील ठेवले.

दोन दिवसांनी जिल्ह्याहून तपासनीस मिझोगुची-बाई आल्या. त्यांनी दोराचं वेष्टण सोललं. आतल्या जवळजवळ निम्म्या तारा गंजून तुटल्या होत्या, आणि त्यांच्या वाटचा ताण उरलेल्या तारा लांबत लांबत सोसत होत्या. चाळीस माणसं एकदम चढली असती तर दोर तुटलाच असता. बाईंनी नोंदी चाळल्या आणि त्यांचं बोट चार ऑगस्टवर थांबलं.

"नऊ दिवस आकडा शून्यावर येत नव्हता. या नऊ दिवसांत शाळेची पोरंसुद्धा पोहायला पुलावरूनच जात होती. तोकुमारू-सान, तुमच्यासारख्या माणसाने कळवलं का नाही?"

उन्हावर ढकलता आलं असतं. यंत्रावरही. सेईजीने मान खाली घातली.

"घरचं माणूस आलं होतं," तो म्हणाला. "जा म्हणवेना."