तोंड नसलेलं भांडं

भांडं रडलं आणि मैदानावर बसलेल्या सव्वाशे माणसांच्या तोंडून एकदम "आ!" निघाला.

"प्यायलं! लेकरू प्यायलं माझं!" सागरबाबांनी कर्ण्यातून आरोळी ठोकली. "बघा रे बघा, वादळाचा राग कसा घोटाघोटाने ओढून घेतंय! जितके थेंब गळतील, तितकं वादळ रिकामं! हलू नका. गाठ सोडू नका."

भांडं टेबलावर होतं, लाल कापडात गच्च गुंडाळलेलं. त्यातून फक्त एक काचेची बारीक सोंड वर आलेली. झाकण नाही, तोंड नाही, पाणी ओतायला जागा नाही, आणि तरी सोंडेतून टपटप पाणी! आलं कुठून? बाबा म्हणत, समुद्रातून. लोक म्हणत, समुद्रातून. अहो, जिथून गळतंय तिथूनच भरलं असेल, एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात येऊ नये? पण घाबरलेल्या माणसाला कुणी काहीही सांगावं. आणि ती माणसं भयंकर घाबरली होती, त्यात हसण्यासारखं काही नाही.

घाबरतील नाहीतर काय करतील! चक्रीवादळ चार दिवस समुद्रात घोंघावत होतं आणि आता सरळ या बंदरावर चालून येत होतं. रेडिओ दर अर्ध्या तासाने बजावत होता, की संध्याकाळपर्यंत धडकणार, दोन पुरुष उंच पाणी आत शिरणार, गाव रिकामं करा. अर्धं गाव कालच गेलं. उरलेल्यांसाठी दोन बसगाड्या सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. बाहेर जायला खाडीवरचा बुटका पूल तेवढा एकच, आणि त्यावर पाणी चढलं की खेळ खलास.

पण उठणार कोण? मासे सुकवायच्या त्या मैदानाभोवती बाबांनी खुंट ठोकून त्यांवरून बोटी बांधायचा जाड दोर फिरवला होता आणि प्रत्येक घराने आपल्या दोरीची एक गाठ त्याला मारली होती. "एक गाठ सुटली की रिंगण फुटलं," बाबांनी सांगून ठेवलं होतं, "आणि रिंगण फुटलं की गाव बुडालं. मग ते पाप कुणाच्या माथी?" शिवाय लोखंड म्हणे वादळाला हाक मारतं, म्हणून झाडून सगळ्यांच्या सुऱ्या आणि कोयते गोळा करून बाबांच्या गाडीत टाकले होते. गेल्या वर्षीचं वादळ बाबांनी असंच परतवलं होतं ना! परतवलं कसलं, ते वर सरकून दुसऱ्या किनाऱ्यावरच्या घरांवर पडलं होतं. तिथल्या लोकांकडे बाबा नव्हते, असं इथले लोक म्हणायचे.

तिथून दोन गल्ल्या पलीकडे, शाळेच्या प्रयोगशाळेत, काचबाई बाटल्या उचलून वरच्या फळीवर ठेवत होत्या. बावीस वर्षं शाळेतल्या नळ्या आणि चंचुपात्रं धुण्यापुसण्याचं काम त्यांच्याकडे, म्हणून सगळं गाव त्यांना काचबाई म्हणे. शेवटी उरलं खिडकीतलं काचेचं गोल भांडं. त्यालाही झाकण नाही, नुसती सोंड. विज्ञानाचे जुने सर त्याला 'रड्या' म्हणायचे. "बाई, रड्या रडला की छत्री आणा," असं सर सांगायचे, आणि बाई बावीस वर्षं खिडकीची ओली कड पुसतापुसता तसं करत आल्या होत्या. छत्री फुकट गेली असं फारसं कधी झालं नव्हतं.

आज रड्या थांबायचं नाव घेत नव्हता. खालची बशी पहाटेपासून दुसऱ्यांदा भरली होती.

तेवढ्यात वाऱ्याबरोबर कर्ण्यातला आवाज आत आला. "रडतंय! भांडं रडतंय! वादळ संपत आलं!"

संपत आलं? बाई एकट्याच ओरडल्या, "अरे गाढवा, जवळ आलंय ते!" त्या रिंगणात त्यांची एकुलती एक लेक बसली होती, आणि लेकीच्या मांडीवर सात वर्षांची नात.

रड्याला कामाच्या निळ्या कोटात गुंडाळून बाई धावत सुटल्या. वाऱ्याने पत्रे उडवायला सुरुवात केली होती. बंदराची पायरी, जिच्यावर लोक एरवी गप्पा मारत बसत, पाण्याखाली गेली होती.

"ऊठ," बाई लेकीला म्हणाल्या. धाप लागल्याने पुढचं बोलवेना.

"आई, तू कशाला आलीस इथे? जा ना बसमध्ये."

"तुम्हा दोघींना टाकून? वेड लागलंय का मला? ऊठ म्हणते ना!"

"मला नाही येता येणार." लेकीने मान फिरवली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडीही मिळाली नाही आणि माणूसही. "बाबा म्हणालेत, आज समुद्राचा राग उतरला की तो यांना सोडेल. मी गाठ सोडून गेले आणि तेवढ्यात हे आले तर?"

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "बाळा, त्याला येता आलं असतं तर तो पोहत आला असता गं. दोन वर्षं थांबला असता का तुझ्याशिवाय?"

लेकीने डोळे पुसले. दोर तिने आणखी घट्ट धरला.

नात मात्र कोटात डोकावत होती. एक घडी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचं नावच मुंगी पडलं होतं. शाळा सुटल्यावर ती आजीच्या प्रयोगशाळेतच खेळायची.

"आजी, रड्याला का आणलंस?" आणि मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात, "अय्या! हा पण रडतोय! बाबांच्या भांड्यासारखाच! पण ह्याला तर मंत्र येत नाही!"

शंभर माना वळल्या.

"दूर करा ते!" बाबा कडाडले. "पाखंडी भांडं आहे ते! माझं भांडं वादळ पितंय आणि ते वादळाला दूध पाजतंय! म्हणूनच वारा वाढला!"

"वारा सकाळपासून वाढतोय, बाबा. रड्या आत्ता आलाय." काचबाईंनी रड्याला सरळ बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. सव्वाशे माणसांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. "मुंगे, इकडे ये. लाव दोन्ही हात ह्याला. घट्ट धर."

मुंगीने तळहात काचेला चिकटवले. बघताबघता थेंब भरभर पडू लागले.

"तुमच्या घरी येऊन बाबा भांड्यावर हात ठेवून डोळे मिटायचे, आणि भांडं रडायचं. आठवतंय? ते हे असं. आत पाण्यावर हवा कोंडलेली आहे. हाताच्या उबेने ती फुगते आणि पाण्याला सोंडेतून बाहेर ढकलते. सात वर्षांच्या पोरीला जमतं. मुंगे, काढ हात."

थेंब जरा संथ झाले. पण थांबले नाहीत.

"आता कुणाचा हात नाही. मग आता कोण रडवतंय?" काचबाईंनी समुद्राकडे बोट केलं. "बाहेरची हवा एरवी सोंडेतल्या पाण्याला दाबून धरते. वादळ जवळ आलं की तीच हवा हलकी पडते. आत कोंडलेली हवा मग पाणी वर ढकलते. भांडं वादळ पीत नाही हो! वादळ किती जवळ आलं ते सांगतं. जितके थेंब जास्त, तितकं मरण जवळ. भांडं खरं बोलतंय. हा माणूस खोटं बोलतोय."

"माझ्या भांड्यातला चमत्कार वेगळा आहे!" बाबांचा कर्णा किंचाळला. "माझ्या भांड्याला हात लावेल त्याचा..."

काचबाईंची लेक केव्हा उठून आली ते कुणाला कळलंच नाही. तिने लाल कापड धरलं आणि ओरबाडून काढलं. आत काचेचं गोल भांडं. शेजारच्या रड्याचा सख्खा भाऊ शोभेल असं.

"ह्यात आहेत का हे?" ती बाबांना म्हणाली. "दोन वर्षं तुम्ही मला सांगताय, समुद्राचं मन ह्या भांड्याला कळतं. सांगा ना. ह्यात आहेत का?"

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते थेंब मोजत होते. मग कर्णा खाली ठेवून म्हणाले, "मी... मी पुढे जातो. वाऱ्याचं तोंड टेकडीवरूनच बांधावं लागेल," आणि भराभर चालत गाडीत जाऊन बसले. गाडीचं तोंड पहिल्यापासून पुलाकडेच वळवलेलं होतं. त्या मैदानावर भांडं वाचता येणारी माणसं दोनच होती. एक बाई उठा म्हणून घसा फोडत होती आणि दुसरा पळाला.

आता तरी लोक उठावेत की नाही? नाही उठले! फसलो हे कळलं होतं, पण पहिली गाठ सोडायची कुणी? उद्या गाव बुडालं तर लोक बोट कुणाकडे दाखवणार? नवरा बायकोकडे बघत होता, शेजारी शेजाऱ्याकडे. समुद्राचं पाणी मैदानाच्या कडेला लागलं तरी हात दोरावरच. पलीकडे बसवाला सारखा भोंगा वाजवत होता.

तेव्हा जाळीमावशी बोलल्या. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर गावाची जाळी विणलेल्या. पहिली गाठ त्यांचीच होती. "जा रे सगळे," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाठी मी सांभाळते. मी आहे तोवर रिंगण फुटत नाही. पोरं आहेत पदरात, निघा."

बांध फुटावा तशी माणसं उठली. कुणी रडत, कुणी मावशींच्या पाया पडत बसकडे धावली. काचबाईंनी लेकीला आणि मुंगीला बसमध्ये कोंबलं, रड्याला मुंगीच्या मांडीवर दिलं आणि त्या उलट्या फिरल्या.

"मावशी, चला. झालं ना आता."

"मी कशी येऊ गं? बोलले ना सगळ्यांना." मावशींनी दोर कमरेला तीन वेढे घालून खुंटाला बांधला होता. काचबाई गाठीशी झोंबल्या. जाळीमावशींची गाठ, तीही ओल्या दोराची. नखं तुटली, गाठ तसूभर हलली नाही.

"सुरी! अहो, सुरी द्या कुणीतरी!"

सुरी कुणाकडे असणार? गावातली प्रत्येक सुरी बाबांच्या गाडीत होती आणि गाडी केव्हाच पुलापार झाली होती.

काचबाईंनी टेबलावरचं बाबांचं भांडं उचललं, खुंटावर आपटलं आणि काचेचा तुकडा दोरावर घासायला लागल्या. हात चिरला, दोर लाल झाला, एक पीळ तुटला, दुसरा तुटला. "नको गं बाई, रिंगण फोडू नकोस," मावशी बाईंचा हात ढकलत म्हणत होत्या, "माझी शपथ आहे." पाणी घोट्यापर्यंत आलं. काच हातातल्या हातात फुटली.

बसवाला पळत आला. "बाई, पुलावर पाणी चढतंय. साठ माणसं बसलीत माझ्या गाडीत. आता नाही निघालो तर साठही जातील."

त्याने बाईंना अक्षरशः ओढत नेलं. बस सुटली तेव्हा मागच्या काचेतून मावशी दिसत होत्या. ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात दोरावर. काचबाई मोठमोठ्याने रडत होत्या आणि कुणाचंही त्यांच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुलापलीकडच्या धान्याच्या गोदामात, सगळे जमिनीवर बसले होते. निरोप आला होता, की मैदान राहिलं नाही, शाळा राहिली नाही, खुंटासकट दोर वाहून गेला. गोदामात कुजबुज सुरू झाली आणि दुपारपर्यंत ती पक्की झाली. मावशींनी दोर धरला म्हणून आपण वाचलो. रिंगण फुटलं नाही म्हणून पूल टिकला. त्यांच्या नावाने तिथे काहीतरी बांधायला पाहिजे.

मुंगीने विचारलं, "आजी, जाळीमावशींनी दोर धरला म्हणून आपण वाचलो ना?"

काचबाईंचा उजवा हात फडक्यात बांधलेला होता. रड्या खिडकीत होता, गप्प. वादळ निघून गेलं होतं आणि सोंडेतलं पाणी खाली उतरलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. मग उठून उभ्या राहिल्या, कारण ते सगळ्यांनीच ऐकायला हवं होतं. "नाही! आपण बसमध्ये बसलो म्हणून वाचलो. त्या बसल्या नाहीत म्हणून गेल्या. फार मायेची बाई होती, आणि फुकट गेली. तिला वाचवायला चमत्कार नको होता हो, एक सुरी पुरली असती! सुऱ्या तुम्ही आपल्या हाताने त्याच्या गाडीत टाकल्यात. आणि मी? मी प्रयोगशाळेतून भांडं आणलं. शेजारच्या खणात कात्री होती, ती आणायचं मला सुचलं नाही. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्हीही विसरू नका. देवळं बांधू नका तिची. पुन्हा कुणी येईल, म्हणेल, विचारू नकोस, हलू नकोस, हातातलं हत्यार इकडे दे. तेव्हा एवढंच विचारा त्याला, का? आणि उत्तर देता आलं नाही, तर सुरी खिशात ठेवा आणि बसमध्ये बसा."

लेक उठली, खिडकीपाशी गेली आणि रड्याच्या खाली एक कोरडी बशी सरकवून ठेवली.