ज्या कुशीवर वस्ताद झोपायचा

मला पाहून तुम्ही आधी नाक मुरडाल, मित्रांनो. मुरडा. एका कोपऱ्यात माझ्या कापसाचे गोळे झालेत, खोळीचा मूळ रंग आता मलाही आठवत नाही, आणि कितीही ऊन दाखवलं तरी अंगाचा कुत्र्याचा वास जात नाही. मी एक जुनी, लहानशी गादी आहे.

मला भरलं ते एका बाळासाठी. गादीवाल्यानं कापूस पिंजला, खोळीत ठासला आणि लांब सुईनं मला जागोजागी टाचलं. बाळाच्या आईनं तळहातानं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "आणखी थोडी मऊ करा. तिची पाठ अजून कोवळी आहे." ती मुलगी माझ्यावर पालथी पडायला शिकली, रांगली, आणि एक दिवस तिचे पाय माझ्याबाहेर जाऊ लागले. माझं काम संपलं असं मला वाटलं. पण आईनं मला माळ्यावर टाकलं नाही, पुढच्या खोलीत खिडकीखाली अंथरलं. तिथं ती आजारी जनावरांवर उपचार करू लागली होती. औषध नाही, सुई नाही. नुसते हात, आणि हातांतून जाते असं ती मानायची ती ऊर्जा. गल्लीत तिला सगळे हातवाल्या ताई म्हणत.

ताईंचा दिवस माझ्यापासून सुरू व्हायचा. मुलीला शाळेत सोडून आल्या की मला कठड्यावर टाकून झटकायच्या, ओल्या फडक्यानं केस काढायच्या, पाण्याचा वाडगा भरून ठेवायच्या. मग जमिनीवर बसून, डोळे मिटून, तळहात एकमेकांवर चोळायच्या. दार अर्धं उघडं. कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "डॉक्टरांना दाखवलंत ना? ते आधी. मी नंतर." आणि नियम एकच, जनावराला ओढायचं नाही. ते आपणहून माझ्यावर येईल, हवं तसं पडेल, नको झालं की उठून जाईल. ताईंचे हात त्याच्या अंगाच्या वीतभर वरून हळूहळू फिरायचे आणि मध्येच थांबायचे. तिथं तळहात गरम लागतात, असं त्या म्हणायच्या. झालं की कोपरापर्यंत हात धुवायचे, मला झटकायचं, आणि पुढचा.

स्वतःची पिसं उपटणारा पोपट यायचा. हॉर्न वाजला की पलंगाखाली शिरणारी मांजर यायची. त्या हातांत काय होतं ते मला सांगता येणार नाही. मला खालून एवढंच कळायचं, की श्वास लांब होतोय आणि ताठरलेले पाय सैल पडतायत.

ताईंच्या सासूबाई दारातून म्हणायच्या, "माझ्या गुडघ्यांवरूनही फिरव की हात. का त्यासाठी भुंकावं लागतं?"

"भुंकू नका, नुसत्या गप्प पडून राहा थोडा वेळ. जमेल?"

"ते मेल्यावर."

अशा हसत्याखेळत्या दिवसांत शिंपीकाका वस्तादला घेऊन आले. वस्ताद म्हणजे त्यांचा कुत्रा. जाडजूड, एक कान फाटलेला, जिन्यावरूनच भुंकत येणारा. काकू गेल्यापासून काकांच्या घरात दुसरं कुणी श्वास घेणारं नव्हतं. "हल्ली जेवत नाही," काका म्हणाले. ताईंनी ठरलेलं विचारलं. काका म्हणाले, "दाखवलं. वयच झालंय म्हणाले."

वस्ताद माझ्यावर गोल गोल फिरला आणि डाव्या कुशीवर धपकन पडला. तेव्हाच मला लागली ती. पोटाला, मागच्या पायाजवळ, सुपारीएवढी कडक गाठ.

पुढं दर आठवड्याला तो यायचा आणि त्याच कुशीवर पडायचा. हात वरून फिरायचे. गाठ खाली, माझ्यात रुतलेली. नियमाप्रमाणे ताई त्याला कधी कूस बदलायला लावायच्या नाहीत. काका ताटकळत बसण्याऐवजी खिशातली सुई काढून माझी उसवलेली कड निळ्या दोऱ्यानं शिवायचे. गाठ लिंबाएवढी झाली. वस्ताद हलका होत गेला. गोल फिरणं बंद झालं. भुंकणंही.

"बघा ताई, किती शांत झालाय," काका दोरा तोडत म्हणायचे. "पूर्वी नुसतं घर डोक्यावर घ्यायचा."

ताईंचा चेहरा उजळायचा. मित्रांनो, गादीला तोंड नसतं.

मग एका सकाळी वस्ताद दारातच उभा राहिला. ताई थांबल्या. तो येईना. काकांना धीर धरवेना. त्यांनी त्याला उचलून माझ्यावर ठेवलं, तसा तो कळवळून ओरडला. सावरायला ताईंनी पोटाखाली हात घातला, आणि तो हात तिथंच राहिला.

"काका, हे डॉक्टरांनी पाहिलं होतं?"

काकांनी खिशातली सुई काढली आणि तशीच परत ठेवली.

"कोणत्या डॉक्टरांना दाखवलं, काका?"

"तुमची काकू दवाखान्यात आपल्या पायांनी चालत गेली होती," काका म्हणाले. "माझ्याशी वाद घालत गेली होती. मी रिकामी चप्पल घेऊन आलो, ताई. ह्याला कसा नेऊ?"

ताई त्यांना एका शब्दानंही बोलल्या नाहीत. दोघांनी वस्तादला माझ्यासकट उचलून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासायला वेळ घेतला. गाठ लहान असताना काढता येते, एवढंच म्हणाल्या. आता ती सगळीकडे पसरली होती. उरलं होतं ते त्याचे हाल थांबवणं. काकांनी मान हलवली. त्या गार टेबलावर वस्ताद माझ्यावरच पडला होता, त्याच कुशीवर. काकांचा हात त्याच्या फाटक्या कानावर होता. श्वास लांब झाला, आणखी लांब झाला, आणि पुढचा आलाच नाही.

पुढची खोली बरेच दिवस बंद राहिली. मला गुंडाळून दाराआड उभं केलं होतं. सासूबाई गुडघ्यांबद्दल काही बोलल्या नाहीत. काका आता गल्लीच्या पलीकडच्या बाजूनं जातात, आमच्या खिडकीकडे न बघता. माझ्या कडेचे निळे टाके मात्र अजून घट्ट आहेत.

ताईंनी खोली पुन्हा उघडली. तोच वाडगा, तेच अर्धं दार. पण आता डॉक्टरांना दाखवलं असं कुणी म्हणालं, की त्या समोरच डॉक्टरांना फोन लावतात. आणि हात वरून फिरवण्याआधी एक हात माझ्या आणि त्या जिवाच्या मधून अलगद सरकवतात. कुणी गुरगुरतं, कुणी उठून जातं. त्या पुन्हा थांबतात, पुन्हा बघतात.

मी आता फार दिवस टिकणार नाही. टाकून द्याल तेव्हा द्या. पण मित्रांनो, तुमच्या घरातलं दंगेखोर कुणी अचानक गुणी झालं, कोपऱ्यात गप्प पडून राहू लागलं, तर लगेच खूश होऊ नका. जवळ बसा. वरून हात फिरवलेला सगळ्यांनाच आवडतो. एकदा खालूनही घाला.