डब्यातलं सोनं

"सोनं काढा, सोनं," नंदूने स्टीलचा डबा पुढे धरला. "गळ्यातलं, कानातलं, नाकातलं. आत जाऊन मशीन ओरडलं तर माझ्यावर खेकसायचं नाही."

"दातातलं राहू दे ना, नंदूभाई?" अस्मिता म्हणाली, आणि दारातल्या बायका हसल्या.

शालिनीने हसणं संपायची वाट पाहिली नाही. मंगळसूत्र मानेवरून काढून तिने हलकेच डब्यात सोडलं आणि ती आत गेली. पूर्वी हीच बाई या दारात रोज हुज्जत घालायची. "काढणार नाही, पदरात गुंडाळते फार तर," म्हणायची. नवरा जिवंत, समोर डबा घेऊन उभा आहे आणि आपण गळा मोकळा करायचा, हे तिला कसंसंच वाटे. उन्हाळ्यापासून मात्र ती सगळ्यांच्या आधी काढू लागली होती. "सुधारली आमची बायको," नंदू कौतुकाने सांगायचा.

बडोद्याजवळ वाघोडियाच्या जीआयडीसी वसाहतीतली ही शेड माधवची, म्हणजे नंदूच्या आतेभावाची. देवळांच्या आणि मॉलच्या दारात माणसं तपासायचे मेटल डिटेक्टरचे दांडे इथे बनत. मग बाहेरून स्वस्त माल आला, आठवड्यातले कामाचे दिवस कमी झाले, आणि माधवने उरलासुरला जीव एका नव्या मशीनमध्ये ओतला. किल्ली, पट्टा, पितळेचं बटण, कशालाही दाद न देणारं, फक्त खऱ्या सोन्याला ओरडणारं मशीन. सोनारांच्या कारखान्यांत संध्याकाळी कारागीर घरी निघताना असं मशीन दारात हवंच, असा त्याचा हिशेब. तेव्हापासून शेडमध्ये सगळ्या गोष्टींचं उत्तर एकच होतं. पत्रा गळतोय? मशीन चाललं की. संडासाची कडी? मशीन चाललं की. दिवाळीच्या बोनसचं काय, असं विचारलं तर माधव नुसता मशीनकडे बघायचा.

शालिनीही मनातल्या मनात हेच म्हणायची. मशीन चाललं की.

त्या दिवशी मशीन बडोद्यात अलकापुरीला निघालं. धवलभाई सोनी म्हणजे मोठी पेढी. त्यांनी घेतलं तर बाकीचे सोनार मागोमाग येणार, हे सगळ्या शेडला पाठ झालं होतं. माधव गाडी काढून थांबला होता.

"वहिनी, बसा. मशीनमधली तारेची पहिली कॉइल तुमच्या हातची आहे. तुमच्याशिवाय मी निघत नाही."

"मी काय करू तिथे, भावोजी? मला गुजराती व्यापाऱ्यांसमोर बोलता येत नाही."

"बोलू नका. नुसत्या उभ्या राहा. नंदू मशीन फिरवेल."

नंदूने डब्यातलं मंगळसूत्र काढून तिच्या हातात दिलं. "घाल. मोठ्या दुकानात जायचंय."

धवलभाईंची केबिन थंडगार होती. त्यांनी टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. नंदूने दांडा फिरवला, मशीन गप्प. पट्टा, पितळेचा गणपती, स्टीलचं पेन; गप्प. माधवने बोटातली अंगठी पुढे केली, तसं मशीन कर्कश ओरडलं. माधवचा चेहरा असा फुलला की शालिनीलाही क्षणभर वाटलं, झालं. आता होईल सगळं.

"वींटी तो तमारी ज ने," धवलभाई हसले. "घरची अंगठी मशीन ओळखणारच." त्यांची नजर फिरत फिरत शालिनीवर आली आणि थांबली. "बेनना गळामां छे, एना पर करो ने."

"करा की!" माधव खुर्चीतून उठलाच. "माझ्या मामीनं, नंदूच्या आईनं केलेलं आहे, धवलभाई. जुनं बडोद्याचं सोनं. वहिनी, या पुढे."

शालिनीला वाटलं, डोकं दुखतंय म्हणावं, पाणी मागावं, काहीतरी. पण नंदू दांडा घेऊन समोर आलाही होता.

"घाबरतेस काय," तो हळूच म्हणाला. "शॉक नाही लागत."

त्याने दांडा तिच्या गळ्यासमोरून नेला. मशीन गप्प. पुन्हा नेला. गप्प. तिसऱ्यांदा त्याने दांडा इतका जवळ नेला की तो मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्यांना टेकला. वाट्यांवर आपटल्याची टिकटिक झाली तेवढीच.

"सेल गेला असेल," माधव म्हणाला. "सकाळीच नवीन टाकलाय, पण… धवलभाई, एक मिनिट."

शालिनी खाली मान घालून उभी होती. समोर नंदूचे हात दिसत होते, मशीनला इकडून तिकडून चाचपणारे. तिला उन्हाळ्यातलं मांडवीचं ते सोनाराचं दुकान आठवलं. लेकीला, कोमलला, नर्सिंगच्या हॉस्टेलवर सोडायचं होतं, घरात कामाचे दिवस कमी झालेले, आणि नंदूला विचारलं असतं तर तो माधवकडे तोंड वेंगाडायला गेला असता. त्यापेक्षा हे बरं, असं तिने ठरवलं. डाव्या वाटीवर एक खोलगट खूण होती. कोमलला पहिला दात आला तेव्हा तिने मांडीवर बसून ती वाटी चावली होती. त्या सोनारालाही तिने ती खूण दाखवली, का दाखवली कोण जाणे. त्याने "हां, हां" म्हटलं आणि वाट्या काट्यावर टाकल्या. त्याच मण्यांत तिने एक ग्रामच्या, नुसता सोन्याचा मुलामा दिलेल्या वाट्या ओवून घेतल्या. मशीन चाललं की पुन्हा तशाच करून घ्यायच्या. कुणाला कळायचंही नाही.

"नंदू, बटण वाढव," माधव दबक्या आवाजात म्हणाला. "फुल कर. काहीही कर, वाजव."

बटण पूर्ण फिरवलं की मशीन पितळेलाही ओरडतं, हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं. नंदूचं बोट बटणावर गेलं. शालिनीला वाटलं, वाजू दे. एकदा वाजलं की आपण सुटलो.

धवलभाई बघत होते.

"नका फिरवू," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिलाच पुन्हा म्हणावं लागलं. "नका फिरवू, अहो. मशीन बरोबर आहे."

"म्हणजे?" माधवने विचारलं.

तिने पदर ओढून गळा झाकला.

नंदूने बटणावरचं बोट काढलं. 

"मशीन साचुं छे," धवलभाई सावकाश म्हणाले. "बेन आत आल्या तेव्हाच मी ओळखलं होतं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम खोटं घालून आणलंय, मशीनची परीक्षा दाखवायला. म्हणून तर म्हटलं…" ते मध्येच थांबले. सोनार माणूस, रोज बायकांच्या गळ्याकडे बघूनच धंदा करणारा. पण आता त्यांना कुठे बघावं कळेना. "बेन, चा लेशो ने?"

तिने चहा घेतला. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. धवलभाई माधवशी ऑर्डरचं बोलले, आधी दुकानाच्या कारखान्यासाठी, मग भावाच्या. माधव "हो, हो" म्हणत होता. पण बोलताना त्याने अंगठीचा खडा तळहाताकडे फिरवून घेतला होता.

परतताना तो पेढे घ्यायला उतरला. गाडीत दोघंच. नंदू पुढे बसला होता, मांडीवर मशीन.

"कोमलचा दात दिसेना झाला होता," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला.

"तुम्ही बघितलं होतं?"

"रोज डब्यात मीच नीट लावतो की. मला वाटलं, झिजला असेल. सोनं झिजतं."

"मशीन चाललं की तसंच करून घेणार होते."

"दात कुठून आणणार होतीस?"

 मागच्या सीटवरून तिला त्याची मान दिसत होती, कॉलरपाशी घामाने काळी पडलेली. त्या मानेवर हात ठेवावा असं तिला फार वाटलं. माधव पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला, गाडीत बसला आणि किल्ली न फिरवता म्हणाला, "वहिनी, मला सांगायचं तरी."

"काय सांगणार, भावोजी?"

माधवने किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले गेले. धवलभाईंच्या ऑर्डरची पहिली मशीनं तपासायला घ्यायची होती. बातमी पेढ्यांच्या आधीच सगळीकडे पोचली असावी, कारण दाराशी बायका कधी नव्हे ते गुपचूप उभ्या होत्या. अस्मिताने आपली नथ डब्यात टाकली आणि उगाच छताकडे बघत आत गेली.

शालिनीची पाळी आली. आता काढायची गरज नव्हती. तशीच गेली असती तरी मशीन गप्पच राहिलं असतं. तिने गळ्याकडे नेलेला हात अर्ध्यावर थांबवला.

नंदूने डबा तिच्यापुढे धरला. इतर दिवशी धरायचा तसाच.

"काढ," तो म्हणाला. "मशीन ओरडेल."

तिने मंगळसूत्र काढलं आणि डब्यात सोडलं. नंदूने मणी गुंतणार नाहीत असे बोटाने नीट गोल लावले, माधवने सकाळीच काढून ठेवलेल्या अंगठीपासून जरा बाजूला सारले, झाकण घट्ट दाबलं आणि डबा उंच फळीवर ठेवला.